हेले सेलासी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथिओपियाचा शेवटचा सम्राट हेले सेलासी (१८९२–१९७५) कुणाला देव वाटतो, कुणाला दुष्काळात जनतेला मरू देणारा सरंजामदार. शाळा, विमानसेवा, विद्यापीठ, घटना हे सगळे त्याच्या हातून उभे राहिले आणि प्रत्येक गोष्टीची दोरी त्याने स्वतःच्याच हातात ठेवली. पुढची बरीच उत्तरे याच सवयीपाशी येऊन थांबतात.

त्याचे खरे नाव काय? ‘सेलासी’ हे आडनाव आहे का?

नाही. इथिओपियात आडनावाची पद्धतच नाही. स्वतःच्या नावामागे वडिलांचे नाव लावतात आणि तिथे नाव संपते. त्याचे जन्मनाव तफारी, वडिलांचे मकोनेन, म्हणून तो तफारी मकोनेन. ‘रास’ ही सरदारकीतली वरची पदवी. ‘हेले सेलासी’ हे त्याचे बाप्तिस्म्याचे नाव, म्हणजे ‘त्रैक्याचे सामर्थ्य’. राज्याभिषेकाच्या वेळी त्याने तेच राजनाम म्हणून घेतले. दोन्ही शब्द मिळून एकच नाव होते, त्यामुळे नुसते ‘सेलासी’ म्हणणे म्हणजे पांडुरंगाला ‘रंग’ म्हणून हाक मारणे. ग्रंथालयाच्या यादीत शोधताना ‘ह’खाली पाहा, ‘स’खाली सापडला तर यादी करणाऱ्याची चूक समजा.

वेगवेगळ्या ठिकाणी त्याच्या आयुष्यातल्या घटनांची साले सात-आठ वर्षांनी का चुकतात?

चुकत नाहीत, पंचांग वेगळे आहे. इथिओपियन वर्षात तेरा महिने असतात: तीस दिवसांचे बारा आणि शेवटचा ‘पागुमे’ पाच किंवा सहा दिवसांचा. नवे वर्ष ११ सप्टेंबरला सुरू होते. आपल्या लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ सप्टेंबरला. साल काढायचे असेल तर ११ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमधल्या तारखेतून ७ वजा करा, १ जानेवारी ते १० सप्टेंबरमधल्या तारखेतून ८. म्हणून राज्याभिषेक २ नोव्हेंबर १९३० ला आणि तिथल्या नोंदीत २३ तिकिम्त १९२३ ला. पदच्युती १२ सप्टेंबर १९७४ ला. तिथे ती २ मेस्केरेम १९६७. नववर्षाच्या दुसऱ्याच दिवशीची. घोटाळा होतो तो सगळीकडे सरसकट आठच वजा केल्याने.

तो आधीच्या सम्राटाचा मुलगा नव्हता. मग गादी मिळाली कशी?

सावकाश, चौदा वर्षे खपून. वडील रास मकोनेन हे सम्राट दुसरा मेनेलिक याचे नात्यातले भाऊ, हरारचे सुभेदार आणि १८९६ च्या आदवाच्या लढाईत इटलीला धूळ चारणाऱ्या सेनानींपैकी एक. आई येशिमेबेत मूल दोन वर्षांचे होण्याच्या सुमाराला गेली, वडील १९०६ मध्ये. मेनेलिकला मुलगा नव्हता. १९१३ मध्ये तो वारल्यावर मुलीचा मुलगा लिज इयासू याच्याकडे सत्ता आली. इयासूची मुसलमान सरदारांशी जवळीक राजधानीतल्या ख्रिस्ती उमरावांना खुपू लागली. सप्टेंबर १९१६ मध्ये तो हरारला असताना त्याला पदावरून काढले गेले. मेनेलिकची मुलगी झौदितू सम्राज्ञी झाली, तफारी तिचा कारभारी आणि वारस. इयासूचा बाप, वोल्लोचा रास मिकाएल, फौज घेऊन चालून आला. ऑक्टोबरमध्ये सेगालेच्या मैदानात त्याचा पराभव झाला.

यानंतरची वर्षे पाहण्यासारखी आहेत, कारण तफारीची हातोटी इथेच दिसते. १९२८ मध्ये जुना सेनानी बालचा साफो हजारो सैनिक घेऊन राजधानीच्या वेशीवर आला. त्याला मेजवानीला बोलावून राजवाड्यात गुंतवून ठेवले आणि तेवढ्यात तफारीच्या माणसांनी छावणीत पैसे वाटून त्याची फौज पांगवली. बालचा परतला तो एकटा. त्याच वर्षी तफारी ‘नेगुस’ म्हणजे राजा झाला. मार्च १९३० मध्ये झौदितूचा विभक्त नवरा रास गुग्सा वेल्ले बंड करून उठला, तेव्हा त्याच्यावर विमानांतून आधी पत्रके टाकली आणि मग बाँब. गुग्सा मारला गेला. दोनच दिवसांत झौदितूही गेली.

सॉलोमन आणि शबाच्या राणीपासूनचा हा २२५ वा वंशज, हे कितपत खरे?

इतिहास म्हणून त्याला पुरावा नाही. घराण्याची परंपरा १२७० मध्ये गादीवर आलेल्या येकुनो अमलाकपासून धरता येते, तीही मध्ये तुटत-जुळत. सॉलोमनची कथा ‘केब्रा नगस्त’ या मध्ययुगीन ग्रंथातली. पण १९५५ च्या घटनेत हीच वंशावळ कायद्याचे कलम म्हणून घातली होती, त्यामुळे तिला नुसती दंतकथा म्हणून सोडूनही देता येत नाही.

१९३१ ची राज्यघटना म्हणजे लोकशाही होती का?

नव्हती, आणि तसा आवही नव्हता. नमुना जपानच्या मेइजी घटनेचा. दोन सभागृहे: सेनेटचे सदस्य सम्राटाने नेमायचे, खालच्या सभागृहाचे सरदारांनी आणि गावोगावच्या मुखियांनी निवडायचे. सम्राटाची व्यक्ती पवित्र, अधिकार निर्विवाद. तरीही मोठमोठ्या सुभेदारांना सभागृहात आणून बसवल्यामुळे ते सम्राटाच्या नजरेखाली राहिले, त्यांच्या सुभ्यांतल्या सत्तेला कात्री लागली. १९५५ च्या सुधारित घटनेने सर्व प्रौढांना मत दिले, १९५७ मध्ये निवडणूक झाली. राजकीय पक्षांना मात्र अखेरपर्यंत परवानगी मिळाली नाही.

कारभार खरा चालत होता तो ‘शुम-शिर’ने. शुम म्हणजे नेमणे, शिर म्हणजे काढणे. कोणताही मंत्री किंवा सुभेदार एका जागी फार मुरू द्यायचा नाही. आज वर चढवलेला उद्या दूरच्या सुभ्यात. ‘लेखणीचा मंत्री’ वोल्दे गियोर्गिस १९४० च्या दशकात सम्राटाखालोखाल ताकदवान होता. १९५५ मध्ये त्याला एका दूरच्या प्रांतावर पाठवले आणि विषय संपला.

गुलामगिरी त्याने बंद केली का?

हो, पण टप्प्याटप्प्याने आणि बाहेरच्या दडपणाखाली. १९२३ मध्ये राष्ट्रसंघात (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) प्रवेश मिळवताना इथिओपियाला याबाबत शब्द द्यावा लागला. १९२४ च्या कायद्याने हळूहळू मुक्तीची सोय केली, संपूर्ण बंदी ऑगस्ट १९४२ मध्ये आली. दरम्यान मुसोलिनीने ‘आम्ही गुलाम सोडवायला आलो’ हेच चढाईचे निमित्त सांगितले.

१९३६ मध्ये तो देश सोडून पळाला, असे म्हणतात. बरोबर आहे?

गेला हे खरे. ‘पळाला’ की नाही यावर इथिओपियातच तेव्हापासून वाद आहे.

क्रम असा. डिसेंबर १९३४ मध्ये ओगादेनमधल्या वालवालच्या विहिरींपाशी चकमक झाली. ३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीने युद्ध न पुकारताच हल्ला केला. राष्ट्रसंघाने निर्बंध लावले, पण त्यात तेल नव्हते आणि सुएझ कालवाही इटालियन जहाजांना खुलाच राहिला. तेलावर बंदी आणि कालवा बंद, या दोन गोष्टी झाल्या असत्या तर मोहीम रखडली असती. विषारी वायू न वापरण्याच्या १९२५ च्या करारावर सही करूनही इटलीने मस्टर्ड गॅस वापरला: आधी बाँबमधून, मग विमानांना फवारे लावून. हा वायू कातडीवर आणि जमिनीवर तेलासारखा बसतो. अनवाणी सैनिक आणि चरणारी जनावरे दोन्ही त्यात होरपळली; पाणवठेही दूषित झाले.

३१ मार्च १९३६ ला मायचेव इथे सम्राट स्वतः लढाईत उतरला. दिवसभराच्या झुंजीत त्याचा उत्तम राखीव गार्ड खर्ची पडला. माघार घेणाऱ्या सैन्यावर अशेंगे सरोवराकाठी पुन्हा वायूचा मारा झाला. राजधानीत सल्लागारांच्या बैठकीत बहुमत म्हणाले, जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे जाऊन दाद मागा. तकेले वोल्दे हवारियात याने कडाडून विरोध केला: सम्राटाने डोंगरात जाऊन लढावे, याआधी कुणी देश सोडला नव्हता. (हाच तकेले पुढे सम्राटाविरुद्ध पुन्हा पुन्हा कट करत राहिला, तुरुंगात जात राहिला आणि १९६९ मध्ये पोलिसांशी झालेल्या गोळीबारात मेला.) २ मेच्या पहाटे सम्राट आगगाडीने जिबुतीला निघाला, तिथून ब्रिटिश युद्धनौकेने हैफा, मग जेरुसलेम, लंडन. ५ मेला इटालियन फौज राजधानी अदिस अबाबात शिरली.

तो राहिला असता तर बहुधा मारला किंवा पकडला गेला असता आणि देशाचा दावा मांडायला कुणी उरले नसते. पण मागे राहिलेल्यांनी पाच वर्षे रानावनात लढा दिला, हेही तेवढेच खरे. फेब्रुवारी १९३७ मध्ये इटलीचा व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच्यावर हातबाँब पडल्यावर तीन दिवस राजधानीत कत्तल चालली. मृतांचे अंदाज १९ हजारांपासून ३० हजारांपर्यंत जातात.

जिनिव्हातल्या भाषणात नेमके काय झाले?

३० जून १९३६. हेले सेलासी काळी शाल पांघरून व्यासपीठावर उभा राहिला आणि वरच्या गॅलरीतल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. रुमानियाचा प्रतिनिधी तितुलेस्कू उठून ओरडला, ‘या रानटी लोकांना बाहेर काढा!’ पोलिसांनी त्यांना बाहेर नेईपर्यंत सम्राट स्तब्ध उभा होता. मग तो बोलला अम्हारिकमध्ये. फ्रेंच उत्तम येत असूनही. भाषणाचा गाभा भावनेपेक्षा तपशिलात आहे: नऊ, पंधरा, अठरा विमाने एकामागून एक कशी येत आणि त्यांच्या फवाऱ्यांतून अखंड धुके कसे पसरे, हे त्याने आकड्यांसह मांडले. लहान देशाला दिलेला शब्द पाळायचा की नाही, एवढाच प्रश्न सभेपुढे असल्याचे सांगितले. पुढच्या काही दिवसांत निर्बंध उठवले गेले. इथिओपियाला कर्जाची हमी द्यावी या ठरावाला एकट्या इथिओपियाचेच मत पडले.

परागंदा असताना त्याचे पोट कशावर चाले?

इंग्लंडमधल्या बाथ गावी ‘फेअरफिल्ड हाउस’ विकत घेऊन तो राहिला. पैशाची ओढाताण खरी होती, आणि तिचे एक उदाहरण न्यायालयाच्या दप्तरातच आहे. इथिओपिया सरकारचे दहा हजार पौंडांहून थोडे जास्त ‘केबल अँड वायरलेस’ या तारकंपनीकडून येणे होते. सम्राटाने दावा लावला आणि जुलै १९३८ मध्ये जिंकला. कंपनी अपिलात गेली. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने इटलीच्या राजाला इथिओपियाचा कायदेशीर सम्राट मानले आणि डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: आता येणे इटलीचे. ब्रिटिश सरकारच्या एका मान्यतापत्राने त्याच्या खिशातले पैसे असे गेले. बाथमध्येच त्याने आत्मचरित्राचे काम केले. १९५८ मध्ये ते घर त्याने वृद्धांसाठी वापरावे म्हणून गावाला देऊन टाकले.

तो परत कसा आला? त्यात भारतीय सैनिक होते का?

होते, आणि मराठेही. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर ब्रिटनला हा सम्राट अचानक उपयोगी वाटू लागला. २० जानेवारी १९४१ ला त्याने सुदानच्या बाजूने सीमा ओलांडली. सोबत ब्रिटिश अधिकारी ऑर्ड विंगेटची छोटी ‘गिडियन फोर्स’ आणि स्थानिक लढवय्ये. पण इटलीचे कंबरडे मोडले ते उत्तरेत, एरिट्रियातल्या केरेनच्या खिंडीत. चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनने फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे उभे कडे चढत लढाई केली. त्यांत ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. चढणीमुळे पाणी आणि दारूगोळा माणसांच्या पाठीवरून न्यावा लागे, आणि वर बसलेल्या शत्रूला खाली हातबाँब नुसते सोडून देणे पुरे. २७ मार्चला केरेन पडले.

५ मे १९४१ ला, राजधानी पडल्यापासून बरोब्बर पाच वर्षांनी, सम्राट अदिस अबाबात शिरला. तारीख जाणूनबुजून निवडलेली. परतल्यावर त्याने एक गोष्ट केली जी जुन्या लढवय्यांच्या घरांत आजही विसरलेली नाही: इटलीची चाकरी केलेल्या अनेकांना कारभार येतो म्हणून पदे दिली, आणि गोज्जामचा गाजलेला ‘अर्बेन्या’ म्हणजे देशवीर बेलाय झेलेके याला १९४५ मध्ये बंडाच्या आरोपावरून फासावर चढवले.

एरिट्रियाचे काय झाले?

हा त्याच्या राजवटीतला सर्वांत महाग पडलेला निर्णय. संयुक्त राष्ट्रांच्या १९५० च्या ठरावानुसार १९५२ मध्ये एरिट्रिया स्वतःची विधानसभा, ध्वज आणि भाषांसह इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडला गेला. मग एकेक खिळा निघत गेला. पक्ष बंद, वर्तमानपत्रे बंद, ध्वज उतरवला, तिग्रिन्या आणि अरबीच्या जागी अम्हारिक. १४ नोव्हेंबर १९६२ ला विधानसभेकडूनच विसर्जन वदवून घेतले. सशस्त्र लढा त्याआधी वर्षभर सुरू झालेला होता. तो तीस वर्षे चालला आणि १९९३ मध्ये देश वेगळा झाला. सम्राटाला लाल समुद्राचा किनारा हवा होता. शेवटी इथिओपियाकडे किनारा अजिबात उरला नाही.

१९६० चे बंड का फसले?

डिसेंबरमध्ये तो ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना शाही गार्डचा प्रमुख मेंगिस्तू नेवाय आणि त्याचा अमेरिकेत शिकलेला भाऊ गेर्मामे यांनी राजधानी ताब्यात घेतली आणि युवराजाकडून आकाशवाणीवर नवी राजवट जाहीर करवली. फसण्याची कारणे साधी होती. भूदल आणि हवाईदल त्यांच्या बाजूला नव्हते, धर्मगुरूंनी बंडखोरांना शाप दिला, आणि राजधानीबाहेर कुणालाच आधी सांगितलेले नव्हते. हरताना त्यांनी ओलीस धरलेल्या पंधरा बड्या लोकांना राजवाड्याच्या दिवाणखान्यात गोळ्या घातल्या. सम्राट चार दिवसांत परतला, मेंगिस्तू नेवाय फासावर गेला, आणि तो राजवाडा विद्यापीठाला दान झाला. पुढे १९७४ मध्ये त्याला खाली खेचणारे विद्यार्थी तिथेच शिकले.

(हा मेंगिस्तू आणि नंतरचा हुकूमशहा मेंगिस्तू हेले मरियम हे दोन वेगळे. पुस्तकांतही गफलत आढळते.)

आफ्रिकेत त्याला एवढा मान कशासाठी?

मे १९६३ मध्ये अदिस अबाबात आफ्रिकन एकता संघटना स्थापन झाली. घाना-गिनी एका बाजूला आणि नायजेरिया-लायबेरिया दुसऱ्या बाजूला असे दोन गट तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांना एका टेबलाशी आणण्यात त्याचा मोठा वाटा. १९७२ मध्ये सुदानच्या पहिल्या यादवीतला तह अदिसमध्येच झाला. ऑक्टोबर १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्याने वंशभेदावर केलेले भाषण पुढे बॉब मार्लेच्या ‘वॉर’ या गाण्याचे शब्द झाले.

इथिओपियन एअरलाइन्स १९४५ मध्ये अमेरिकी टीडब्ल्यूए कंपनीच्या मदतीने सुरू झाली. त्याच्या काळात उभे राहून आजही जोमात असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

रास्ताफारी लोक त्याला देव का मानतात? त्याला स्वतःला हे मान्य होते का?

१९३० च्या राज्याभिषेकाची छायाचित्रे जमैकात पोचली तेव्हा तिथले गरीब कृष्णवर्णीय बायबलातल्या भाकितांमध्ये काळ्या राजाची वाट पाहत होते. ‘यहूदाच्या वंशाचा विजयी सिंह’ ही त्याची बिरुदावली बायबलातलीच. लेनर्ड हॉवेलसारख्या प्रचारकांनी दोन्ही जोडले आणि पंथाला नाव मिळाले ‘रास तफारी’वरून.

२१ एप्रिल १९६६ ला तो किंग्स्टनला उतरला तेव्हा धावपट्टीवर एवढी गर्दी घुसली की त्याला विमानातून उतरताच येईना. शेवटी मॉर्टिमर प्लॅनो हा रास्ताफारी पुढारी शिडी चढून वर गेला आणि त्याने लोकांना वाट करून द्यायला सांगितले. पंथाचे लोक हा दिवस अजून पाळतात.

तो स्वतः आयुष्यभर इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. जमैकात त्याने आपल्या चर्चची शाखा उघडायला धर्मगुरू पाठवले, हे त्याचे उत्तर समजायला हरकत नाही. १९४८ मध्ये त्याने अदिसच्या दक्षिणेला सुमारे २५० किलोमीटरवरच्या शाशामाने इथे पाच गाशा, म्हणजे सुमारे २०० हेक्टर, जमीन दिली. ती युद्धकाळात इथिओपियाला मदत करणाऱ्या पाश्चात्त्य देशांतल्या कृष्णवर्णीयांसाठी होती, खास रास्ताफारींसाठी नव्हे. १९७५ च्या जमीन सुधारणेत तिचा बहुतेक भाग गेला. थोडी वस्ती टिकून आहे.

वोल्लोच्या दुष्काळात सम्राटाची चूक नेमकी कुठे झाली?

मराठी वाचकाला हे लवकर समजेल, कारण ती आपल्या ‘बाहत्तरच्या दुष्काळा’चीच वर्षे. १९७२ मध्ये उत्तरेकडच्या वोल्लो प्रांतात पाऊस हुकला. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की देशभरातल्या धान्याचा साठा फारसा घटलेला नव्हता आणि वोल्लोतल्या देसी नावाच्या गावच्या बाजारात भावही आकाशाला भिडले नव्हते. वोल्लोतून धान्य उलट अदिस आणि अस्मारा इथे विकायला जात होते. तुटली होती ती शेतकऱ्याची खरेदीची ताकद. पीक गेले, मग बैल विकले. सगळेच विकत असल्याने बैलांचा भाव कोसळला. आवाश खोऱ्यातले अफार गुराखी तर आधीच अडचणीत होते, कारण त्यांच्या उन्हाळी कुरणांवर कापसाचे मोठे मळे उठले होते. खंड आणि कर मात्र चुकले नाहीत.

महाराष्ट्रात त्याच सुमारास धान्यटंचाई भीषण होती, पण मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती आणि हातात मजुरी पडत होती. विधानसभेत ओरड होत होती, वर्तमानपत्रे लिहीत होती. वोल्लोत प्रांताने दुष्काळ लपवला, राजधानीने ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि अप्रिय बातमी सम्राटापर्यंत न्यायची कुणाची छाती नव्हती. त्याने उभारलेली यंत्रणाच तशी होती. मृतांचे अंदाज ४० हजारांपासून २ लाखांपर्यंत आहेत. ऑक्टोबर १९७३ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीने चित्रे दाखवली तेव्हा जगाला कळले.

मग १९७४ मध्ये सत्ता कशी गेली?

एका विहिरीपासून. जानेवारीत दक्षिणेतल्या नेगेले ठाण्यावरच्या सैनिकांचा पाण्याचा पंप बिघडला. अधिकाऱ्यांनी आपली विहीर वापरू दिली नाही. सैनिकांनी त्यांना अटक केली, आणि चौकशीला आलेल्या सेनापतीला आपलेच सडके अन्न खायला आणि तेच पाणी प्यायला लावले. सम्राटाने शिक्षा केली नाही, सवलतीचे आश्वासन दिले. बातमी बिनतारी यंत्रावरून छावणीछावणीत पोचली. फेब्रुवारीत पेट्रोलच्या भाववाढीवरून टॅक्सीचालक आणि नव्या शिक्षण योजनेवरून शिक्षक संपावर गेले. पंतप्रधान अक्लिलू हब्ते-वोल्द पायउतार झाला. जूनमध्ये लष्करी समिती, ‘देर्ग’, बनली. तिने ‘सम्राट अमर राहो’ म्हणत त्याच्या भोवतीची माणसे एकेक उचलली. शुम-शिरने कुणालाच मोठे होऊ दिलेले नव्हते, त्यामुळे त्याच्या बाजूने उभे राहील असे कुणी उरलेच नाही.

११ सप्टेंबरच्या रात्री दूरचित्रवाणीवर उपाशी मुलांच्या दृश्यांमध्ये राजवाड्यातल्या मेजवान्यांची दृश्ये मिसळून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पदच्युतीचे फर्मान वाचून दाखवले आणि फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या सीटवर बसवून नेले.

त्याचा मृत्यू नैसर्गिक होता का?

२७ ऑगस्ट १९७५ ला वयाच्या ८३ व्या वर्षी तो कैदेत वारला. सरकारने प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे कारण दिले; त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉ. अस्रात वोल्देयेस यांनी ते नाकारले. देर्ग कोसळल्यावरच्या खटल्यात त्याला गुदमरवून मारल्याचे समोर आले. १९९२ मध्ये राजवाड्याच्या आवारात फरशीखाली अस्थी सापडल्या. त्या आठ वर्षे चर्चमध्ये ठेवल्या होत्या, आणि ५ नोव्हेंबर २००० ला होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये दफन झाले. मुलगी तेनान्येवर्कसह घरातल्या स्त्रिया १९८८ पर्यंत तुरुंगात होत्या.

स्विस बँकेतली त्याची अब्जावधींची संपत्ती?

देर्गने आरोप केला. रक्कम कधीच सापडली नाही.

आज इथिओपियात त्याच्याकडे कसे पाहतात?

कोण पाहतो यावर आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये आफ्रिकन युनियनच्या आवारात त्याचा पुतळा उभा राहिला. जून २०२० मध्ये ओरोमो या देशातल्या सर्वांत मोठ्या वांशिक गटातला गायक हचालू हुंडेसा याच्या हत्येनंतर लंडनच्या विम्बल्डनमधल्या बागेतला त्याचा अर्धपुतळा फोडला गेला आणि हरारमध्ये त्याच्या वडिलांचा पुतळा पाडला गेला. ओरोमोंच्या तक्रारीला आधार आहे: दक्षिणेत जमिनी गेलेले शेतकरी उत्तरेच्या जमीनदारांचे कूळ बनून अर्धे पीक देत, आणि शाळा-कचेऱ्यांत अम्हारिकखेरीज भाषा चालत नसे.

भारताशी त्याचा संबंध किती?

समजतो त्यापेक्षा जास्त. मे १९३६ मध्ये काँग्रेसने ‘अबिसिनिया दिन’ पाळला (अबिसिनिया हे इथिओपियाचे जुने नाव). १९५६ मध्ये सम्राट भारतात येऊन गेला. त्यानंतर उभारलेली हरारची लष्करी अकादमी भारतीय अधिकाऱ्यांनी चालवली. पहिले प्रमुख ब्रिगेडियर रावले. पन्नास-साठच्या दशकांत तिथल्या माध्यमिक शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. आपल्याकडचा मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी हा फार आधीचा धागा. त्याचा या सम्राटाशी थेट संबंध नाही, तेव्हा ओढूनताणून जोडू नये.

अदिस अबाबात गेल्यास काय पाहावे?

विद्यापीठाच्या सिदिस्त किलो आवारातल्या जुन्या राजवाड्यापासून सुरुवात करा. आत वस्तुसंग्रहालय आहे आणि सम्राटाची झोपायची खोली व न्हाणीघर तसेच ठेवलेले आहे. अपेक्षेपेक्षा बरेच साधे. आवाराबाहेरच्या चौकात १९३७ च्या कत्तलीचा स्तंभ. होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये त्याची आणि सम्राज्ञी मेनेन हिची ग्रॅनाइटची थडगी शेजारी शेजारी. जुन्या रेल्वे स्थानकासमोर ‘यहूदाचा सिंह’ उभा आहे. राज्याभिषेकाच्या वेळी बसवलेला हा पुतळा इटालियनांनी रोमला नेला होता, तो साठच्या दशकात परत आला. मेनेलिकच्या जुन्या राजवाड्यात २०१९ पासून युनिटी पार्क खुले आहे. आणि मेस्केल चौकाजवळच्या ‘रेड टेरर’ (देर्गच्या काळातले हत्यासत्र) संग्रहालयासाठी वेळ राखून ठेवा, कारण सम्राटानंतर काय आले ते तिथल्या कवट्या आणि छायाचित्रे पाहिल्याशिवाय नीट समजत नाही.